हा टाका कोणाचा? पन्नास भेटकार्डांचं एक प्रकरण

साताऱ्यातल्या एका विरंगुळा केंद्रात मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. माझं शिक्षण व्यवसायोपचाराचं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचं. केंद्रात मात्र सगळे मला ‘फिजिओवाल्या मॅडम’ म्हणतात आणि मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. शुक्रवारच्या गटात नऊ जण असतात आणि आम्ही हाताने भेटकार्डं बनवतो. हे प्रकरण त्या गटातल्या एकाचं आहे. तितकंच ते माझंही आहे, कारण चूक माझी होती. नावं घालत नाही. गटात ज्यांना जसं म्हणतात तसंच इथेही म्हणते.

अण्णा एकाहत्तर वर्षांचे. राजवाड्याच्या बाजूला त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं, चाळीसएक वर्षं चाललं. नेहरू शर्ट, लेंगे, शाळेचे गणवेश. सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं, दोन वर्षांनी दुकान बंद केलं. सूनबाई त्यांना केंद्रात घेऊन आल्या तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “घरात नुसते खिडकीत बसून असतात. हात थरथरतात म्हणून कशाला हात लावत नाहीत.” उजवा हात मांडीवर ठेवलेला, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासल्यासारखी हलत होती, गोळी वळतात तशी.

त्या थरथरीनेच आम्हा सगळ्यांना फसवलं. केंद्रातल्या स्वयंसेवक मुलीने पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढची कात्री उचलून घेतली आणि रंगवायला खडू दिले. तिचा हेतू चांगला होता. पण पार्किन्सन्समधला कंप बहुतेकदा हात स्वस्थ असताना दिसतो, सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांचा. हात कामाला लागला की तो पुष्कळदा कमी होतो. खरा त्रास वेगळाच असतो. हालचाल सुरूच होत नाही, सुरू झाली तर संथ होते, आणि तीच हालचाल पुन्हा पुन्हा करताना ती लहान लहान होत जाते. अण्णांनी खडू बाजूला सारले, माझ्या पर्समधून डोकावणाऱ्या कात्रीकडे बोट दाखवलं आणि कार्डाची कड एका दमात सरळ कापून दिली. मग हात मांडीवर ठेवला. तो पुन्हा थरथरायला लागला.

भेटकार्डंच का, हे लोक विचारतात. केंद्रात कागदाच्या टोपल्या होतात, मण्यांच्या माळा होतात, आणि त्या सगळ्या कपाटात जाऊन बसतात. कार्ड बसत नाही. ते कोणाला तरी जातं. त्यावर कोणाचं तरी नाव घालावं लागतं, म्हणजे कोणाला द्यायचं याचा विचार करावा लागतो. आणि ते एका बैठकीत पुरं होतं. ज्यांना पुढच्या शुक्रवारी तब्येत कशी असेल याची खात्री नाही, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं आहे.

कागद, इस्त्री आणि गोळीची वेळ

सुरुवातीला आम्ही बाजारातला २५० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा, गुळगुळीत कार्डपेपर वापरायचो. ए-फोर कागद अर्धा कापायचा, त्याची घडी घालायची, की १४८ बाय १०५ मिलिमीटरचं कार्ड. पण त्याला सुई टोचली की भोकाजवळ तडकतं. दोन भोकं जवळ आली तर मधला कागद फाटतोच. मग पुण्याहून हातकागद आणला. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून आहे, आणि या कागदाचा कच्चा माल म्हणजे मुख्यतः सुती चिंध्या, कपडे बेतताना उरलेली कातरणं. कापसाचे तंतू लांब असतात म्हणून तो कागद टाका सोसतो. हे मी गटात सांगत होते, तेव्हा अण्णा कागद अंगठ्याने चोळत होते. म्हणाले, “म्हंजे माझ्या दुकानातलाच माल फिरून आला की.” त्यांच्याकडे दर महिन्याला चिंध्या गोळा करणारा यायचा. कुठे जातात, कधी विचारलं नव्हतं.

कार्डावर शिवण घालायची कल्पना तिथून निघाली. चित्र काढण्यापेक्षा पणतीचा, कंदिलाचा बाह्याकार धावदोऱ्याने शिवायचा. गोधडीची सुई घेतली. तिचं नेढं मोठं, धरायला जाड. दाभण घेऊन पाहिलं, पण त्याने कार्डाला खिडक्या पडतात. दोरा भरतकामाचा, लडीतल्या सहा पदरांपैकी तीन.

गटातल्या काकूंच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेच्या नजरेने दाराची चौकट दिसते. त्यांना काळ्या कागदावर पिवळा दोरा दिला आणि दिवा डोक्यावरून काढून बाजूला ठेवला, चमक जावी म्हणून. सव्वीस वर्षांची ताई आहे, सेरेब्रल पाल्सीमुळे तिचा डावा हात मुठीत मिटलेला असतो. एका हाताने शिवायचं तर कागद धरणार कोण? खाली भांड्यांच्या मांडणीत घालतात ती जाळीदार रबरी मॅट अंथरली, तरी कागद उचलला जायचा. शेवटी अण्णांनी नातवाकरवी घरून जुनी कोळशाची इस्त्री आणवली. ती कार्डाच्या कडेवर ठेवली की कागद हलत नाही. बाजारात यासाठी महागडे शिकंजे मिळतात. आमचं काम इस्त्रीवर भागलं.

अण्णांचं काम मात्र दर आठवड्याला वेगळं दिसायचं. एखाद्या दिवशी सुंदर, एरवी सुईच चालत नाही. मी सूनबाईंकडून गोळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या. लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या औषधाची, गोळी सकाळी ८, दुपारी १२, ४ आणि रात्री ८. आमचा गट ११ ते १२:३०. म्हणजे आठच्या गोळीचा जोर ओसरतानाच ते यायचे. बाराची गोळी घेतली तरी ती लागू व्हायला अर्धा-पाऊण तास, तोवर गट उठलेला. त्यात बारा वाजता केंद्रातर्फे मोड आलेल्या मटकीची उसळ मिळायची. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून रक्तात जाताना एकाच वाटेवर गर्दी करतात, आणि मागे राहते ती गोळी. उसळ पौष्टिक म्हणून आम्हीच आग्रहाने वाढत होतो! गट ९ ते १०:३० केला. काकूंना देवपूजा आटोपून यायला अवघड जायचं, त्यांनी कुरकुर केली, पण आल्या.

दुसरी गोष्ट मला दोन-तीन आठवड्यांनी लक्षात आली. अण्णा बोलायला लागले की सुई थांबते. दोन कामं एकदम चालत नाहीत. त्यांच्याशी गप्पा मारणं म्हणजे आपुलकी, असं सगळ्यांना वाटायचं, त्यामुळे त्यांच्या टेबलाशी कायम कोणीतरी असायचंच. वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही असं ठरवलं. नवीन स्वयंसेवकाला हे सांगितलं की तो मला खडूस समजतो.

ऑर्डर

सप्टेंबरमध्ये एका पतसंस्थेने दिवाळीसाठी पन्नास कार्डं मागितली. कार्डामागे तीस रुपये. व्यवस्थापक भले गृहस्थ, नमुने हातात घेऊन कौतुकाने पाहत होते. जाता जाता म्हणाले, “फक्त जरा एकसारखी असू द्या.” या ‘जरा एकसारखी’मध्ये सगळं प्रकरण आहे.

अण्णांच्या धावदोऱ्याला ठरावीक खोड होती. पणतीच्या डाव्या टोकाला टाका पाच मिलिमीटरचा, व्यवस्थित. तळाशी येईपर्यंत तीनचा. उजव्या टोकाला टाके मुंग्यांसारखे एकमेकांवर चढलेले. हीच गत अक्षराची. ‘शुभ दीपावली’मधला ‘शु’ अंगठ्याच्या नखाएवढा आणि ‘ली’ तिळाएवढी. या आजारात अक्षर बारीक होत जातं हे पुस्तकात वाचलेलं होतं. टाकाही तसाच बारीक होत जातो हे मी पहिल्यांदा पाहत होते.

अक्षराचा उपाय सापडला होता. शाळेतली दुरेघी वही आठवली. मी आधी दोन फिक्या रेघा आखून दिल्या, वरच्या रेघेलाच शिरोरेषा धरून त्यांनी अक्षरं खाली टांगली, पाय खालच्या रेघेला टेकवले. एरवी आपण अक्षरं काढून मग वर रेघ ओढतो. त्यांनी क्रम उलटा केला आणि ‘ली’ ‘शु’एवढी राहिली. बाहेरून आधार दिसला की हालचालीचा आकार टिकतो. टाक्यांसाठी असा आधार शोधायला हवा होता. मी शोधला नाही. दिवस थोडे होते.

एका गुरुवारी रात्री मी कार्डांचा खोका घरी आणला. अण्णांची चौदा कार्डं होती, त्यातली अकरा मला ‘देण्यासारखी’ वाटली नाहीत. मी ती उसवली, त्यांच्याच भोकांच्या आसपास नवी भोकं पाडली, पुन्हा शिवली आणि आतून कोरा कागद चिकटवून टाकला. या आतल्या कागदाला गटात ‘अस्तर’ म्हणतात, शब्द अण्णांचाच. अस्तर लागलं की शिवणीची उलटी बाजू झाकते. कोणाला कळणार? रात्री साडेबाराला झोपले आणि खरं सांगायचं तर काम उरकल्याचं समाधान होतं.

शुक्रवारी सकाळी अण्णांनी खोका उघडला. एक कार्ड घेतलं, समोरून पाहिलंच नाही. उघडलं आणि अस्तरावरून अंगठा फिरवला. कोपऱ्याशी अंगठा थांबला. दुसरं घेतलं. तिसरं.

“ह्यो टाका माझा न्हाई.”

मी काहीतरी म्हणाले, जरा सारखं केलं म्हणून.

“गाठ हाय हिथं. मी गाठ मारत न्हाई.”

आणि खरंच ते मारत नाहीत. दोरा संपला की दोन टाके उलटे घेऊन त्यातच टोक दडवतात. गाठ मारली की कागदाखाली उंचवटा येतो, अस्तर सपाट बसत नाही, आतला मजकूर लिहिताना पेन अडतं. मी अकरा कार्डांना बावीस गाठी मारल्या होत्या. अस्तराखालची गाठ त्यांच्या अंगठ्याला कळली, त्याच अंगठ्याला जो आम्हाला फक्त थरथरताना दिसत होता.

त्यांनी कार्डं खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि नातवाला फोन लावायला सांगितला. पुढचे तीन शुक्रवार ते आले नाहीत.

घरी

दुसऱ्या गैरहजेरीनंतर मी घरी गेले. सूनबाई अवघडल्या. “मॅडम, त्यांना राग आलाय असं नाही, पण परत खिडकीत बसायला लागलेत.” अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचे कागद टेबलावर पडले होते, २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात पार्किन्सन्स आहे, तर अर्ज करा म्हणून मीच सांगितलं होतं. त्यावर बोलून मी वेळ काढला. अण्णा ऐकत होते. मग चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच विषय काढला. सगळं संथ बोलले, आवाज बारीक, मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

“दुकानात माझ्याकडं चार कारागीर हुते. काम बिघडलं तर मी उसवायचो. का न्हाई? गिऱ्हाइकाला वाकडं कसं द्यायचं. पण उसवायचो ते त्याच्यासमोर. आन परत घालायला त्यालाच लावायचो. रातच्याला गुपचूप मी घातलं, तर तो शिकला काय आन त्याचं ऱ्हायलं काय?”

माझी समजूत अशी होती की त्यांना वाकडेपणा दाखवला तर वाईट वाटेल. त्यांना वाकडेपणाचं काहीच नव्हतं. त्यांनी आयुष्यभर वाकडं काम ओळखलं होतं. त्या अकरा कार्डांत काय बिघडलंय हे माझ्याआधी त्यांना दिसलं होतं. मला तो कारागीर दिसला नव्हता, रुग्ण दिसला होता. रुग्णाचं काम आपण सावरून घेतो. कारागिराचं काम परत करतो.

मी विचारलं, “टाका लहान होत जातो, त्याला काय करायचं?” हे मी जूनमध्येच विचारायला हवं होतं. त्यांनी पलंगाखालचा पत्र्याचा डबा ओढायला लावला. आत टेप, खडूच्या चकत्या, अंगुस्तान, मेणाचा तुकडा, आणि लाकडी मुठीचं दाते असलेलं छोटं चाक. कापडावर बेताची खूण उमटवायला शिंपी ते फिरवतात. कागदाखाली जाड कापड ठेवून ते चाक आकारावरून फिरवलं की सारख्या अंतरावर टोचे पडतात. एक टोचा सोडून एक, सुई आत, सुई बाहेर. टाका लहान व्हायला जागाच उरत नाही. दुरेघी वहीनं अक्षराला जे केलं ते हे चाक टाक्याला करतं.

हे चाक सगळा वेळ पलंगाखाली होतं. मी रबरी मॅट, दिवा, गोळ्यांचं वेळापत्रक सगळं शोधत बसले होते.

पुढचे शुक्रवार

अण्णा आले, डबा घेऊन. टोच्यांचा उपयोग काकूंनाही झाला. त्या बोटाने टोचे चाचपत शिवायला लागल्या, दिव्याची गरज निम्मी झाली. ताईने चाक फिरवायचा हट्ट धरला. मूठ जाड, एका हातात छान बसते.

माझी अकरा कार्डं देता येणार नव्हती, यावर अण्णा ठाम होते. दिवाळी आठ दिवसांवर आलेली, नवीन अकरा होणं शक्य नव्हतं. मी पतसंस्थेत जाऊन सांगितलं की एकोणचाळीसच होतील. व्यवस्थापकांचा चेहरा पडला, त्यांची यादी पन्नास सभासदांची होती. उरलेल्यांना छापील कार्डं दिली. ११७० रुपये आले, कागद-दोऱ्याचा खर्च वजा करून नऊ जणांत वाटले. रक्कम फार नव्हती. ताईने मात्र तिची नोट दोन आठवडे मोडली नाही.

कार्डामागे लावायच्या चिठ्ठीवरून मात्र वाद झाला. केंद्राने एक चिठ्ठी छापली होती: दिव्यांग व ज्येष्ठांनी बनवलेले कार्ड, आपल्या खरेदीने त्यांना मदत होते. मला त्यात खटकण्यासारखं काही दिसलं नव्हतं. तोंडाने आणि पायाने चित्रं काढणाऱ्या कलावंतांची जगभरची एक संघटना आहे, १९५७ मध्ये लिख्टेनश्टाइनमध्ये सुरू झालेली, स्वतः तोंडाने रंगवणाऱ्या आर्नुल्फ एरिक श्टेगमान यांनी उभारलेली. तिची कार्डं भारतातही विकली जातात. कलावंत चित्रं कशी काढतात ते लोकांना कळतं म्हणून कार्डं खपतात, पण संघटना कलावंतांच्याच मालकीची आणि तिचं ब्रीद दान नको, स्वावलंबन हवं असं. मी हे उदाहरण देऊन म्हणाले की बनवणारा कोण हे सांगण्यात कमीपणा नाही.

अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. “शर्टाच्या कॉलरला मी लेबल लावायचो. त्यावर दुकानाचं नाव हुतं. शिंप्याला दम्याचा त्रास हाय, असं न्हवतं.”

काकू हसल्या. एक आजोबा म्हणाले की मदत शब्द राहू द्या, त्यानेच चार जास्त खपतील. त्यांचंही चूक नव्हतं. मत घेतलं, सहा विरुद्ध तीन. एकोणचाळीस कार्डांवर मग काकूंच्या नातीने संगणकावर छापलेली चिठ्ठी गेली: हाती शिवलेले, सातारा. केंद्राच्या अध्यक्षांना ती फारशी आवडली नाही, आणि संक्रांतीच्या वेळी मदतवाली चिठ्ठी परत येईल अशी मला शंका होती. आली. पुन्हा मत घेतलं, या वेळी पाच विरुद्ध चार.

आता अण्णांची गोळी दर तीन तासांनी झालीय. चांगला वेळ आखूड होत चाललाय, गटाची वेळ आणखी मागे नेणं शक्य नाही. सुई त्यांनी जवळपास सोडली. ते चाक फिरवतात आणि तयार कार्डं उघडून अस्तर लावण्याआधी उलटी बाजू तपासतात. ताईच्या कार्डाला गाठ सापडली की कार्ड तिच्यापुढे ठेवतात, कात्री ठेवतात, आणि बोलत नाहीत. ती तोंड वाकडं करते, उसवते.

माझी अकरा कार्डं खोक्यातच होती. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, पाऊस नाही, ऑर्डर नाही, चारच जण आलेले, अण्णांनी त्यातलं एक काढलं. अस्तर नखाने सोडवलं, गाठ कापली, माझा दोरा टाका टाका करत ओढून काढला. त्याला बराच वेळ लागला आणि मी मदत केली नाही. मग कार्ड माझ्याकडे सरकवलं, सुईत दोरा मलाच ओवायला लावला.

“घाला आता. शेवटाला दोन उलटे.”